दुधी बेचव नसतो, त्याचं पाणी आवरावं लागतं

वसईच्या पश्चिम पट्ट्यात निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या गावांतल्या वाड्या विहिरींच्या आणि बावखलांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, गोड्या पाण्यावर पोसल्या. केळी नि पानवेलींच्या जोडीला तिथल्या मांडवांवर दुधी, पडवळ, शिराळी, कारली लोंबत असत. त्या भाजीच्या पाट्या पहाटेच्या लोकलने मुंबईत जात. आता वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही उरलेल्या वाड्यांतला ताजा दुधी वसई-विरारच्या बाजारात मिळतो. पण घरात ‘आज दुधी’ म्हटलं की निम्मी माणसं ताटावर बसायच्या आधीच नाराज होतात. दुधी बिघडतो तो बहुतेक वेळा निवडताना आणि शिजवताना. त्यामागचे गैरसमज असे.

गैरसमज: दुधीला मुळात चवच नसते.
वस्तुस्थिती: दुधीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. त्यात वरून पाणी ओतलं की जी थोडी गोडसर चव आहे तीही पातळ होते. भाजीला पाणी घालूच नये. कढईत तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंग, लसूण, मिरचीची फोडणी करावी, त्यात फोडी टाकून दोन-तीन मिनिटं मोठ्या आचेवर परताव्यात. मग आच कमी करून झाकणावर पाणी ठेवावं. अंगच्या पाण्यात दहा-बारा मिनिटांत फोडी शिजतात. शेवटी झाकण काढून उरलेलं पाणी आटवावं. पाणी आहे तोवर भाजी उकळत राहते, ते आटल्यावर ती परतली जाते आणि कडांना रंग येतो. खमंगपणा तिथून सुरू होतो.

मीठ कधी घालायचं तेही यावरच ठरतं. मीठ फोडींतलं पाणी बाहेर ओढतं. रसभाजी किंवा चणाडाळ घातलेला दुधी करायचा असेल तर ते सुरुवातीला चालतं. सुक्या भाजीत मात्र फोडी परतून झाल्यावरच घालावं.

गैरसमज: मोठा दुधी घेतला की पैसे वसूल.
वस्तुस्थिती: दुधी जून झाला की बिया टणक होतात, आतला गर कापसासारखा होतो आणि साल कडक होते. तोच वेलीवर पूर्ण वाळू दिला तर त्याचा तुंबा होतो, इतकी त्याची साल लाकडासारखी बनते. भाजीला हाताएवढा, हातात जड लागणारा, फिकट हिरवा आणि अंगावर बारीक लव असलेला दुधी घ्यावा. नख टोचलं तर सहज रुतलं पाहिजे. मांडवावर लोंबणारा दुधी सरळ वाढतो. जमिनीवर पसरलेल्या वेलीचा दुधी वाकडा असतो आणि टेकलेल्या बाजूला फिकट पट्टा येतो. तो पट्टा म्हणजे खराबी नव्हे.

गैरसमज: एका रात्रीत इंजेक्शन देऊन दुधी फुगवतात.
वस्तुस्थिती: ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनच्या गोष्टी मोबाइलवर फिरत असतात. पण ऑक्सिटोसिन हे सस्तन प्राण्यांच्या शरीरातलं संप्रेरक आहे, वनस्पतींचं नव्हे. दुधीला वाढायला अशा मदतीची गरजही नाही. फुलाचं परागीकरण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत कोवळं फळ तोडणीला येतं. वेलीवर एक-दोन दिवसांत डोळ्यांना कळेल एवढा फरक पडणं नैसर्गिक आहे.

गैरसमज: कुकरला लावला की काम सोपं.
वस्तुस्थिती: कोवळ्या दुधीला कुकर लागत नाही. तीन शिट्ट्यांत त्याचा लगदा होतो आणि सगळं पाणी भांड्यातच कोंडून राहतं. चणाडाळ घालायची असेल तर ती भिजवून वेगळी, बोटचेपी शिजवावी आणि मग फोडींत मिसळावी. भाजी लवकर मऊ व्हावी म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची सवयही सोडावी. सोड्याने फोडी गिळगिळीत होतात आणि क जीवनसत्त्वाचा नाश होतो. याउलट टोमॅटो, चिंच, कोकम ही आंबट मंडळी फोडी लवकर मऊ होऊ देत नाहीत, म्हणून ती फोडी शिजल्यावर घालावीत.

गैरसमज: दुधी ही आजाऱ्याची, पथ्याची भाजी.
वस्तुस्थिती: किनाऱ्यावरच्या घरांना हे पटणार नाही. तिथे दुधीत सोडे (सुकवलेली कोलंबी), ओली कोलंबी किंवा सुका जवळा पडतो. सोडे धुऊन थोडा वेळ भिजवावेत, कांद्याबरोबर तेलात परतावेत, हळद आणि घरचा मसाला घालून मगच जाड फोडी टाकाव्यात. दुधीची स्वतःची चव सौम्य असल्याने तो सोड्यांचा रस पुरता शोषून घेतो. शाकाहारी घरांत हेच काम भाजलेलं सुकं खोबरं, तीळ किंवा दाण्याचं कूट करतं. साल कोवळी असेल तर तीही टाकू नये. बारीक चिरून तेलावर कुरकुरीत परतावी आणि तीळ, मिरची, मीठ घालून चटणी वाटावी.

गैरसमज: झुकिनीची कृती दुधीला तशीच चालते.
वस्तुस्थिती: झुकिनी आणि तिचा मोठा भाऊ मॅरो यांचं कूळ अमेरिका खंडातलं, तर दुधी मूळचा आफ्रिकेतला. झुकिनी सालीसकट तीन-चार मिनिटांत होते, सॅलडमध्ये कच्चीही खातात. दुधीला जास्त वेळ लागतो, आणि तो कच्चा खाण्याआधी पुढचा मुद्दा वाचावा.

गैरसमज: कडू दुधी औषधी असतो, आणि टोक कापून घासलं की कडूपणा निघून जातो.
वस्तुस्थिती: हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. कडूपणा येतो तो कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे. ती फळभर पसरलेली असतात. घासून ती निघत नाहीत आणि शिजवूनही नष्ट होत नाहीत. कडू दुधीचा रस प्यायल्यावर जोराच्या उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकदम खाली जाणं असे प्रकार घडले आहेत. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा आणि २०१८ मध्ये पुण्यात एका महिलेचा असा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास करून कडू रस पिऊ नये, असं बजावलं आहे. या विषबाधेवर ठरावीक उतारा नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. दुधीच्या रसाने हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे विरघळतात या दाव्यालाही भक्कम पुरावा नाही.

म्हणून फोडणी टाकण्याआधी प्रत्येक दुधीचा एक पातळ काप जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून चूळ भरावी आणि दुधी फेकून द्यावा, साखर-गुळाने झाकू नये. चुकून पोटात गेला आणि उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना दुधी खाल्ल्याचं आधी सांगावं.