गीतेतला आपला श्लोक (लेखांक ६)

भगवद्गीतेचे अध्याय १८ आणि श्लोक ७००. ती सबंध मुखोद्गत असणारी माणसे थोडी. पण ज्या घरात गीता वाचली जाते तिथे प्रत्येकाच्या मनात तिच्यातले दोन-चार श्लोक तरी वेगळे बसलेले असतात. कुणाचा बारावा अध्याय रोजचा असतो, कुणी पंधरावा म्हटल्याशिवाय जेवायला बसत नाही, तर कुणाला एकच श्लोक येतो आणि दवाखान्याच्या बाकावर बसून तो तोच मनात घोळवत राहतो. ही निवड सहसा कुणी शिकवलेली नसते.

तिच्यामागचे पहिले कारण ग्रंथाच्या रचनेतच आहे. गीतेची सुरुवात एका खचलेल्या माणसापासून होते. पहिला अध्याय दोन्ही सैन्यांतल्या वीरांची यादी म्हणून भराभर उरकला जातो, आणि हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. त्यातल्या २८ ते ३० या श्लोकांत अर्जुन आपल्या शरीराची अवस्था सांगतो. अवयव ढिले पडलेले, तोंड सुकलेले, अंगाला कंप, धनुष्य हातात धरवत नाही, मन ठिकाणावर नाही. ज्याने रात्री-अपरात्री वाईट बातमीचा फोन घेतला आहे, त्याला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. उपदेश ऐकणारा आपल्यासारखाच आहे, ही ओळख इथे पटते आणि पुढचे सारे त्या ओळखीच्या आधाराने आत उतरते. शिवाय अर्जुन एका उत्तराने शांत होत नाही. पुन्हा पुन्हा विचारतो, सांगणाऱ्यालाच विसंगतीत पकडू पाहतो, मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे अशी तक्रार करतो. समाधानाला १८ अध्याय लागतात. शंका घेणाऱ्यालाही जागा देणारा ग्रंथ माणसे संकटात जवळ करतात, यात नवल नाही.

कोणत्या दुःखात कोणता श्लोक जवळ येतो, याचीही एक अलिखित परंपरा आहे. मृत्यू झालेल्या घरी दुसऱ्या अध्यायातले आत्म्याच्या अविनाशीपणाचे श्लोक म्हटले जातात. दीर्घ आजारात त्याच अध्यायातला चौदावा श्लोक आठवतो. थंडी-उन्हासारखी सुखदुःखे येतात आणि जातात, ती सोसावीत, असा त्याचा आशय आहे. पोटापाण्याची, मुलाबाळांची चिंता असली की नवव्या अध्यायातला बाविसावा. अनन्य भक्तांच्या योगक्षेमाचा भार देव स्वतः उचलतो, असे आश्वासन त्यात आहे. भारतीय आयुर्विमा महामंडळाचे बोधवाक्य त्यातूनच घेतलेले असल्याने गीता कधी न उघडलेल्यांच्याही तो नजरेखालून गेलेला असतो. त्याच अध्यायातला सव्विसावा श्लोक पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर पूजा पुरी करतो, म्हणून ज्यांच्यापाशी देण्यासारखे फार काही नाही त्यांना तो आपला वाटतो. तिसावा आणि एकतिसावा हे श्लोक अट्टल दुराचाऱ्यालाही परतीची वाट दाखवतात. स्वतःच्या चुकीने पोळलेल्या माणसाला त्यांच्याइतका उपयोगी उतारा गीतेत दुसरा नाही.

एक उतारा मात्र असावा तितका प्रसिद्ध नाही. सहाव्या अध्यायाच्या सदतिसाव्या श्लोकापासून अर्जुन विचारतो की श्रद्धेने सुरुवात केली, पण मन ढळले आणि काम अर्ध्यावर राहिले, तर त्या माणसाचे काय? तो ना इकडचा ना तिकडचा असा फाटलेल्या ढगासारखा नाहीसा होतो का? उत्तर निःसंदिग्ध आहे. चांगल्यासाठी धडपडलेल्याची दुर्गती होत नाही, आणि जिथे थांबला तिथूनच त्याची वाटचाल पुढे सुरू होते. शिक्षण अर्धवट सुटलेले, संसार मध्येच मोडलेले, वर्षानुवर्षे चालवलेले काम सोडून द्यावे लागलेले, अशा सगळ्यांसाठी हे आठ-नऊ श्लोक आहेत. ते जास्त लोकांपर्यंत पोहोचायला हवेत.

श्लोक आपला कसा होतो, हे गांधीजींच्या उदाहरणात टप्प्याटप्प्याने दिसते. लंडनमध्ये विद्यार्थी असताना दोन थिऑसॉफिस्ट बंधूंनी गीता एकत्र वाचण्याचा आग्रह धरला आणि एडविन आर्नल्ड यांच्या इंग्रजी पद्यानुवादासह त्यांनी ती प्रथम वाचली. तेव्हा मनावर कायमचे कोरले गेले ते दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, काम, क्रोध अशा पायऱ्यांनी माणूस नाशापर्यंत कसा उतरतो, ते त्यांत सांगितले आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाठांतराला सुरुवात केली. श्लोक लिहिलेले कागद भिंतीला चिकटवायचे आणि सकाळी दात घासताना त्यांवर नजर ठेवायची, या रीतीने तेरा अध्याय पाठ झाल्याची नोंद आत्मकथेत आहे. नंतर आश्रमाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत दुसऱ्या अध्यायाचे शेवटचे १९ श्लोक, म्हणजे स्थितप्रज्ञाची लक्षणे, रोज म्हटली जाऊ लागली. लंडनमध्ये भावलेले दोन श्लोक या एकोणिसांच्या पोटातच आहेत. तरुणपणी चटका लावून गेलेला तुकडा हळूहळू आजूबाजूचे श्लोक जवळ ओढत गेला आणि सगळ्या आश्रमाचा नित्यपाठ झाला.

लोकमान्य टिळकांच्या बाबतीत सुरुवात मृत्युशय्येपाशी झाली. १८७२ मध्ये वडील गंगाधरपंत अखेरच्या दुखण्यात असताना गीतेवरची एक मराठी टीका त्यांना वाचून दाखवण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलाकडे आले. त्या वयात ग्रंथाचा भावार्थ पुरता कळणे शक्य नव्हते, असे टिळकांनीच ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. पण संस्कार राहिला, आणि त्यासोबत एक प्रश्नही. युद्धाला उभे करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथाचे टीकाकार संन्यासाकडे किंवा निव्वळ भक्तीकडे बोट का दाखवतात? मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वडिलांना त्या वाचनातून शांती हवी होती, मुलाला त्याच पानांतून कर्मयोग मिळाला. आधार म्हणजे डोळे मिटून शांत होणेच नव्हे. कुणाला तो उठून कामाला लागण्याच्या बळातही सापडतो.

विनोबांच्या ‘गीताई’मागे आई आहे. बडोद्याला असताना रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. मराठी अनुवाद आणून दिला तर तोही अवघड वाटला. मग तूच का करत नाहीस, असे त्यांनी मुलाला सुचवले. १९१८ मध्ये त्या गेल्या. मुलाने समश्लोकी अनुवाद हाती घेतला तो १९३० च्या ऑक्टोबरात आणि पुरा केला पुढच्या फेब्रुवारीत. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे १८ अध्यायांवर विनोबांनी प्रवचने दिली. समोर सत्याग्रही कैदी होते आणि टिपून घ्यायला साने गुरुजी. तीच ‘गीता प्रवचने’. ‘गीताई’ने गीतेतली निवड संस्कृत न येणाऱ्या माणसाच्या, विशेषतः घरातल्या बायकांच्या हाती दिली. श्लोक कळल्याशिवाय तो आपला आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

हे काम महाराष्ट्रात त्याच्याही सहा शतके आधी झाले होते. नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरीने ७०० श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या केल्या. विस्तार सगळीकडे सारखा नाही. बाराव्या अध्यायाचे २० श्लोक २४७ ओव्यांत येतात, तर तेराव्यात ज्ञानाच्या लक्षणांपैकी ‘अहिंसा’ या एका लक्षणावर ज्ञानेश्वर ओव्यांमागून ओव्या थांबून राहतात. भाष्यकारालाही आवडत्या जागा असतात, हे यातून दिसते. पारायणाला बसणारे वारकरी सगळा ग्रंथ वाचतात, पण विचारले तर मनातली ओवी वेगळी सांगतात. सप्ताहात दरवर्षी ती ओवी त्याच जागी पुन्हा भेटते. वाचणाऱ्याचे वय वाढलेले असते, घरातले एखादे माणूस कमी झालेले असते, आणि तीच ओवी त्या वर्षी काही निराळे सांगून जाते.

संकटात श्लोक उपयोगी पडतो, तो संकटाआधी पाठ झालेला असेल तर. घाबरलेल्या मनाला पुस्तक उघडून अर्थ लावणे जमत नाही. ओठांवर आधीच असलेले शब्द मात्र आपोआप येतात. अनुष्टुभाची चाल श्वासाला लय देते, मोठ्याने म्हटले तर आणखीच. शाळकरी वयात गीता पाठांतर स्पर्धेसाठी घोकलेला अध्याय पन्नाशीत अर्थासह परत येतो, तो यामुळेच. अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला नावे ठेवली जातात, पण ही ठेव बहुधा अशीच जमा होते.

आवडत्या श्लोकाला एक धोकाही असतो. तो शेजाऱ्यांपासून सुटला की अर्थ बदलू लागतो. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक फळावर हक्क नाही एवढ्यापुरताच सांगितला जातो आणि निमूटपणे सोसण्याचा सल्ला होऊन बसतो. त्याचा चौथा चरण काम सोडून बसण्यापासून परावृत्त करतो आणि पुढचा श्लोक यश-अपयशात तोल राखायला सांगतो, हे वाचले की निराशेचा रंग उतरतो. म्हणून जो श्लोक जवळचा वाटतो त्याच्या मागचे-पुढचे चार श्लोक वाचावेत, शक्य तर ज्ञानेश्वरीत आणि ‘गीताई’त तीच जागा काढून पाहावी.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. स्वतः निवडलेला श्लोक धीर देतो. दुसऱ्याने घाईने हातात ठेवलेला तोच श्लोक जखमेवर बसतो. मूल गमावलेल्या आईला दाराशीच आत्म्याचे अमरत्व ऐकवणारा माणूस वाईट हेतूचा नसतो, पण त्या क्षणी तो तिच्या रडण्याचा हक्क नाकारत असतो. गीतेतही अर्जुनाचे सगळे बोलणे आधी ऐकून घेतले आहे. पहिल्या अध्यायात त्याचा विषाद पुरा होईपर्यंत श्रीकृष्ण उपदेशाचा एक शब्दही बोलत नाहीत. दुसऱ्यात दोन श्लोकांची कानउघाडणी येते, त्यावर अर्जुन पुन्हा बोलतो, आपण शिष्य आहोत, मार्ग सांगा असे स्वतःहून म्हणतो, आणि मगच अकराव्या श्लोकापासून उपदेश सुरू होतो. सांत्वनाला जाणाऱ्याने पाळावा असा क्रम तोच आहे. जवळ बसावे, बोलू द्यावे. श्लोक मागितला तर म्हणावा, आणि तोही त्या माणसाच्या आवडीचा.