गीझरमधला पांढरा थर कोठून येतो?

दहिसरमधल्या एखाद्या इमारतीत दुरुस्तीसाठी गीझर उघडला, की कॉईलवर पांढरट, खरखरीत थर दिसतो. ‘महापालिकेचे पाणी जड झाले’ असा निष्कर्ष लगेच निघतो. पण त्याच जलवाहिनीवरच्या शेजारच्या इमारतीत कॉईल स्वच्छ असेल तर? दोष जलवाहिनीचा की आणखी कशाचा, याचा शोध वर्गातच घेता येतो.

आधी शब्दांविषयी. ‘जड पाणी’ हे नाव विज्ञानात ड्यूटेरियमयुक्त पाण्यासाठी वापरतात. साबणाला सहज फेस येऊ न देणाऱ्या पाण्याला दुष्फेन म्हणावे, तर सहज फेस देणाऱ्याला सुफेन. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार दुष्फेनतेला कारणीभूत असतात. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या तुलनेत, दर लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती २०० पर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते.

मुंबईला भातसा, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व व मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांचे पाणी मिळते. यांपैकी १८७९ साली पूर्ण झालेला तुळशी तलाव तर दहिसर नदीच्या उगमापाशीच आहे. हे सारे पावसाचे पाणी. ते बेसाल्टच्या डोंगरउतारांवरून झपाट्याने वाहत तलावात येते. वाटेत चुनखडक नाही आणि खडकात मुरून राहायला वेळही नाही. त्यामुळे ते सुफेनच राहते.

विंधणविहिरीच्या पाण्याची वाट वेगळी. पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि किंचित आम्लधर्मी होतो. मग खडकाच्या भेगांत दीर्घकाळ राहून तो त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवतो. शिवाय खाडीलगतच्या भूजलात समुद्राचे पाणी शिरू शकते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते! पुरवठा अपुरा पडला, की सोसायटीच्या टाकीत बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते. नळ तोच, पण पाणी बदललेले.

आता गीझरकडे वळू. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे कॉईलवर, बसते. थोडा हिशेब करू. दुष्फेनता ३०० आणि रोजचे गरम पाणी ५० लिटर धरले, तर रोज १५ ग्रॅम ऐवज गीझरमधून जातो. त्याचा दहावा भाग जरी साचला, तरी वर्षाला अर्ध्या किलोहून अधिक थर होतो.

या थरामुळे वीज फार वाया जाते, असा समज आहे. पण बुडालेल्या कॉईलची उष्णता उशिरा का होईना, बहुतेक पाण्यातच जाते. खरे नुकसान कॉईलचे होते. थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने ती आतल्या आत अतितप्त होते आणि अखेर जळते. कपडे धुण्याच्या यंत्रातल्या तापकाचेही तेच. गॅसच्या गीझरमध्ये मात्र अडलेली उष्णता धुराबरोबर निसटते, म्हणून तेथे इंधनही वाया जाते.

वर्गात हा प्रयोग करावा. साठवलेले पावसाचे पाणी, थेट महापालिकेच्या जोडणीवरचे पाणी, टाकीतले पाणी आणि बोअरिंगचे पाणी असे चार नमुने प्रत्येकी ५० मिलिलिटर घ्यावेत. साध्या साबणाचे द्रावण (डिटर्जंटचे नव्हे, कारण ते दुष्फेन पाण्यातही फेस देते) थेंबाथेंबाने टाकून बाटली हलवावी. मिनिटभर टिकणारा फेस येईपर्यंत किती थेंब लागले, ते नोंदवावे. नंतर बोअरिंगचे पाणी पंधरा मिनिटे उकळून, गाळून, आटलेल्या पाण्याइतके पावसाचे पाणी घालून तोच प्रयोग पुन्हा करावा. थेंब जितके कमी लागतील तितकी दुष्फेनता तात्पुरती होती. उरली ती कायमची. टाकीचे थेंब थेट जोडणीच्या थेंबांहून बरेच जास्त निघाले, तर टाकीत दुसरे पाणी मिसळले जात असल्याची शंका घेण्यास आधार मिळतो. पातेल्याच्या बुडाचा थर खरवडून त्यावर लिंबू पिळावे. बुडबुडे आले तर तो कार्बोनेटचा.

उपायही यातूनच सुचतात. तुरटीने गढूळपणा जातो, दुष्फेनता नाही. बोअरिंगचे पाणी संडास व अंगण धुण्यासाठी वेगळ्या टाकीत ठेवावे आणि गीझरला तलावाचेच पाणी द्यावे. गीझरचे तापमान गरजेपुरते ठेवल्यास थर सावकाश बसतो. एवढ्यावर भागले नाही, तरच कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देणारे आयन-विनिमय यंत्र घ्यावे.

दुष्फेनता सहसा आरोग्याला घातक नसते. तिचा भार मुख्यतः साबणावर आणि उपकरणांवर पडतो. म्हणून महागडे यंत्र विकत घेण्यापूर्वी साबणाचे थेंब मोजावेत. कोणते पाणी कोठे वापरायचे, याचा निर्णय सोसायटीच्या सभेत त्या आकड्यांवरून घेता येईल.