कोयत्याचं घर आणि शाळेची घंटा

आजचा विषय कुटुंबातल्या परंपरा आणि शिक्षकाचा पेशा असा ठरला, तेव्हा एक-दोघांनी विचारलं की गुरू-शिष्य परंपरेवर बोलणार का. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बीड जिल्ह्यातला प्राथमिक शिक्षक आहे, ऊसतोडीच्या घरात वाढलोय आणि त्याच घरांमधली लेकरं शिकवतोय. तेव्हा मी बोलणार ते घरातल्या परंपरेवर, ज्या घरातून लेकरू शाळेत येतं किंवा येत नाही.

जे बीडच्या बाहेरून ऐकताहेत त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. बीड जिल्ह्यात अकरा तालुके. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी, या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बेभरवशाचा आणि जमीन हलकी. खरिपाचं एक पीक घ्यायचं आणि दसरा-दिवाळी झाली की बाहेर पडायचं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरकडं, काही टोळ्या खाली कर्नाटकात बेळगावकडं. परत यायचं ते पाडव्याच्या आगंमागं. माणसं लाखांच्या घरात जातात.

आता शाळेचं वर्ष बघा. जूनमध्ये सुरू, एप्रिलमध्ये परीक्षा. म्हणजे पहिलं सत्र लेकरू गावात आणि दुसरं सत्र जवळजवळ अख्खं उसाच्या फडात. दोन वेळापत्रकं आहेत आणि ती एकमेकांना विचारून केलेली नाहीत.

'कोयता' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामाआधी आगाऊ पैसे, ते कोयत्यावर देतो. मग पहाटे अंधारात उठून फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची आणि ती उचल फेडायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा धरतात, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

या हिशेबात लग्न कुठं येतं ते बघा. वीस वर्षांचा पोरगा घरात आहे, पण लग्न झालेलं नाही, म्हणून त्याचा अर्धाच कोयता. त्याचं लग्न लावलं की घरात एक पूर्ण कोयता वाढला, एक उचल वाढली. आणि पोरीच्या बापाला काय वाटतं? पोर बारा-तेरा वर्षांची झाली, गावात ठेवावी तर कुणाच्या भरवशावर, फडावर न्यावी तर उघड्यावरच्या कोपीत रात्री तिची काळजी. मग लग्न लावून टाका. काही लग्नं तर फडावर असतानाच, कारखान्याच्या आसपास घाईघाईनं उरकतात. बाहेरच्या क्षेत्रातून आलेल्या उसाला गेटकेन म्हणतात, त्यावरून अशा लग्नालाही लोक 'गेटकेन लग्न' म्हणायला लागले. शब्द ऐकून हसू येतं, पण ती नवरी सहा महिन्यांपूर्वी माझ्या शेजारच्या वर्गात बसलेली असते. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरातल्या चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

हे सगळं समजावून सांगायला शिक्षक घरी गेला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "गुरुजी, आमच्यात पहिल्यापासून असंच हाय." इथं मला थांबावंसं वाटतं. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा. त्याचा पहिला गाळप हंगाम 1950-51 चा. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि त्यांना तोडणीला माणसं लागायला लागली. आमच्याकडून माणसांचा मोठा लोंढा निघाला तो 1972 च्या दुष्काळानंतर. माझे आजोबा त्या दुष्काळात आधी खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली आणि नंतर टोळीबरोबर कारखान्यावर. त्यांचे वडील कधी गेले नव्हते. ते शेती करायचे, चार जनावरं होती, जत्रेला जायचे. म्हणजे ज्याला आम्ही खानदानी म्हणतो तो कोयता आमच्या घरात तीनच पिढ्यांचा आहे. एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात बसेल एवढी ती परंपरा!

हे मी पालकांना वाद घालायला सांगत नाही. वाद घालून कुणी लेकरू गावात ठेवत नाही, कारण उचल खर्च झालेली असते. पण शिक्षकाला स्वतःला हे माहीत असणं गरजेचं आहे. घरात दोन प्रकारच्या गोष्टी 'परंपरा' या एकाच नावानं राहतात. एक खरोखर जुनी असते, आजी, मामा, माहेर, सणवार. दुसरी मुळात करार असते, मुकादमानं दिलेल्या पैशाचा, आणि तिला आता परंपरेचं नाव पडलंय. शिक्षकाला दुसरी मोडायची असेल तर पहिलीचा आधार घ्यावा लागतो. माझ्या सगळ्या अनुभवाचं सार म्हणाल तर एवढंच.

आजीचं बघा. माझे आईवडील कारखान्यावर जायचे तेव्हा मी आजीजवळ राहिलो, म्हणून शिकलो. गावात डिसेंबरात चक्कर मारा, घरोघरी म्हातारी माणसं आणि लहान लेकरं, मधली पिढी गायब. हे फक्त आपल्याकडं आहे असं नाही. फिलिपिन्समधून लाखो आईबाप परदेशी कामाला जातात, परिचारिका, घरकाम, जहाजावरची नोकरी, आणि मागं लेकरं सांभाळते ती आजी, तिला तिकडं 'लोला' म्हणतात. तिथली लेकरं वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतात, आपली लेकरं पाया पडतात. तिकडचा शिक्षक आणि मी समोरासमोर बसलो तर पालक सभेला कोण येतं यावर आमचं चटकन जमेल. एक फरक मात्र आहे. तिकडचे आईबाप घरी पैसे पाठवतात. आमच्याकडं पैसे आधीच आलेले आणि संपलेले असतात, म्हणून आजीच्या हातात हंगामभर काही नसतं.

हंगामी वसतिगृह म्हणतात ती सोय नेमकी या जागी बसते. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत ती इमारत नाही. लेकरू झोपायला आजीकडं, नाहीतर चुलत्याकडं, आणि सकाळचा नाष्टा व संध्याकाळचं जेवण शाळेत. दुपारचा पोषण आहार असतोच. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. म्हणजे आजीवरचं ताटाचं ओझं कमी झालं की ती लेकरू ठेवून घ्यायला तयार होते. "माझ्या हातपायात बळ हाय तवर ठेवते" असं म्हणणाऱ्या आज्या गावोगाव भेटतील. बळ संपलं की काय, हा प्रश्न राहतोच. जानेवारीत आजी आजारी पडली की दुसऱ्या दिवशी लेकरू फडावर गेलेलं असतं.

आणि हे सगळं वेळेवर व्हावं लागतं. आमच्याकडं सरकारी पत्र, सर्वेक्षण, मंजुरी या गोष्टी दिवाळीच्या सुमाराला हलायला लागतात. तोवर घरात निर्णय होऊन गेलेला असतो. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, पोळा-गौरीपर्यंत बहुतेक घरांचा आकडा पक्का झालेला असतो. म्हणून मी पंचमीच्या आधी घरोघर जातो. नागपंचमीला लेकी माहेरी जातात. आईच्या कानावर आधी घातलेलं असलं तर ती माहेरी भावाजवळ विषय काढते, की पोरगी यंदा मागं ठेवायची आहे, तुझ्याकडं ठेवशील का. आपल्याकडं लग्नात नवरीच्या मागं मामा उभा राहतो. तोच मामा "अजून शिकू द्या" म्हणाला तर त्याचं वजन माझ्या दहा खेपांपेक्षा जास्त असतं. अशा काही पोरी पाच महिने मामाच्या गावच्या शाळेत बसतात. कागदावर थोडी कसरत होते, पण पोर शाळेत असते.

सगळीच अशी मागं राहत नाहीत. विशेषतः ज्या घरात पाळण्यातलं लेकरू आहे तिथं मोठ्या बहिणीला न्यावंच लागतं, ते लेकरू सांभाळायला. त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर साखरशाळा निघाल्या होत्या. औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेनं त्यात मोठं काम केलं. बैलगाडीवाले कारखान्याजवळ एकाच तळावर राहतात, त्यांना ती शाळा सापडायची. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या मात्र फड संपेल तशा हलतात, त्यांच्या मागं शाळा कशी पळणार? 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि लेकरानं नियमित शाळेतच गेलं पाहिजे असं धोरण आलं. विचार बरोबर आहे. गावची शाळा जाणाऱ्या लेकराला शिक्षण हमी कार्ड देते, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसायचं. पण आईबाप पहाटे तीनला फडात गेलेले असतात. ते कार्ड घेऊन शाळेत जाणार कोण?

आता थोडं पेशाविषयी. बीडला शिक्षकाचा मान जुना आहे. 1930 च्या दशकात मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी शाळेत शिकवत होते. निजामाच्या राज्यात मराठी शाळा चालवणं ही साधी गोष्ट नव्हती. 1938 मध्ये ते वर्ग सोडून सत्याग्रहात उतरले. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व एका मास्तरनं केलं हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक असतं.

त्या मानापायी म्हणा किंवा पगारापायी, ऊसतोडीच्या घरात एक स्वप्न शिरलं, पोराला मास्तर करायचं. 2000 नंतर डी.एड. कॉलेजं भराभर निघाली आणि कित्येक घरांनी उचल घेऊन फी भरली. म्हणजे कोयता सुटावा म्हणून कोयत्यावरच कर्ज! 2010 च्या सीईटीनंतर भरती जवळजवळ थांबली. 2013 मध्ये टीईटी आली, 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, आणि 2019 मध्ये कुठं नेमणुका व्हायला लागल्या. नऊ वर्षं. चोविसाव्या वर्षी तयार बसलेला पोरगा तेहतीस वर्षांचा झाला. लागलाच तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. त्याचं मानधन प्राथमिकला बरीच वर्षं सहा हजार होतं, 2023 मध्ये ते 16,000 झालं. त्या नऊ वर्षांत डी.एड. झालेली पोरं टोळीत गेली, काही जण मुकादमाचा हिशेब लिहायला लागले.

याचा घाव शाळेवर बसतो, तो असा. पालक सभेत मी शिक्षणाचं महत्त्व सांगतो तेव्हा मागून कुणीतरी शांतपणे विचारतं, "गुरुजी, फलाण्याचा पोरगा डी.एड. झाला, तो कुठं हाय?" तो कारखान्यावर असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. या प्रश्नाला भाषण चालत नाही. मी एवढंच म्हणतो की लेकराला वाचता आलं तर मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढं किती टन लिहिलेत आणि किती खाडे लावलेत ते त्याला बघता येईल. हे मात्र पटतं. उन्हाळ्यात हिशेब होतो तेव्हा पाचवी-सहावीच्या पोरी बापाशेजारी वही घेऊन बसलेल्या मी बघितल्यात.

शेवटी, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडून जे ऐकताहेत त्यांना एक काम सांगतो. नोव्हेंबरात तुमच्या गावाजवळ कोप्या पडल्या की जवळच्या शाळेत चौकशी करा, किती लेकरं बसवून घेतली. दाखला आणला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. जन्माचा पुरावा नसला तरीही अडवता येत नाही. आईबाप फडात असतील, तर सकाळी दहाला लेकरांना तळावरून शाळेपर्यंत आणायला गावातलं एक माणूस लागतं. काही गावांत ते काम अंगणवाडीच्या ताई करतात, काही ठिकाणी कुणीच करत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.