पायगाडीवरून घोड नदीच्या खोऱ्यात

शाळेस जाणारा विद्यार्थी किंवा दुधाची किटली नेणारा गडी यांचे वाहन म्हणजे पायगाडी, अशी आपल्या खेड्यांत बहुतेकांची समजूत असते. पुढे मोटारसायकल आली आणि पायगाडी पडवीच्या कोपऱ्यात गेली. परंतु हल्ली हिवाळ्यात माळशेज किंवा भीमाशंकर यांच्या रस्त्यांवर पहाटे उभे राहिल्यास पुण्या-मुंबईकडील सायकलस्वारांचे जथे चढ चढताना दृष्टीस पडतात. हे लोक कोणत्या हेतूने येतात, त्यांच्या या छंदात जमीनधारक शेतकऱ्यांनी लक्ष घालावे असे काही आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमच्या मते तसे पुष्कळ आहे. आणि त्यासाठी निमगाव सावा ते भीमाशंकर हा मार्ग उदाहरणादाखल घेणे सोयीचे होईल.

मार्ग

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील, कमी पावसाच्या टापूतील गाव. येथील बागायत ही कुकडी प्रकल्पाच्या पाण्याशी बांधलेली आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही या प्रकल्पाची पाच धरणे. त्यांपैकी डिंभे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर असून त्याचा डावा कालवा घोडेचे पाणी येडगावच्या जलाशयात आणून सोडतो. म्हणजे एका नदीच्या खोऱ्यातील पाऊस दुसऱ्या नदीच्या काठी भिजवणास येतो. ही गोष्ट नकाशावर सर्वांस ठाऊक असते. पण पाणी जेथून येते तो मुलूख पायाखाली घातलेले शेतकरी थोडेच.

निमगाव साव्याहून निघून नारायणगाव गाठावे. हा टापू टोमॅटो, कांदा, ऊस व द्राक्षे यांचा. नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे आकाशातील रेडिओलहरी टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणीचे केंद्र आहे. तिच्या एकूण ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून शेतांच्या मधून त्या दुरूनही दिसतात. नारायणगावाहून मंचरपर्यंत पुणे-नाशिक रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ फार. म्हणून हा तुकडा सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात उरकावा. मंचरास पश्चिमेकडे वळले की भीमाशंकर सुमारे साठ किलोमीटर राहते. निमगावापासून एकंदर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. नवख्याने ते एका दिवसात तोडण्याचा हट्ट धरू नये. पहिला मुक्काम घोडेगावी करावा, हे उत्तम.

घोडेगाव सोडल्यावर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात आणि डिंभे धरणाची भिंत दिसते. या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. बाबू गेनू हे याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडविताना त्यांनी प्राण दिला. धरणाची साठवण सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील जुन्या मंदिराचे अवशेष उघडे पडतात.

पुढे पोखरीचा घाट लागतो. आपल्या भागात ‘घाट’ म्हटले की बैलगाडा शर्यतीची धाव डोळ्यांपुढे येते. त्या घाटात काही सेकंदांत निकाल लागतो. या घाटात मात्र तासभर धीर धरावा लागतो. वळणावळणाने चढून तळेघरच्या पठारावर आले की मुलूख पार पालटतो. भाताची खाचरे, नाचणी-वरईचे उतार, महादेव कोळी समाजाच्या वाड्या आणि पुढे अंजन, जांभूळ, हिरडा यांचे दाट रान. येथील पाऊस निमगावच्या पावसाच्या पाचपट वा त्याहूनही अधिक. १९८५ साली हे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेताना पाहावयास मिळतो.

चढाचे गणित

साध्या सायकलीस पुढील दातेरी चक्रास ४४ दाते व मागील चक्रास १८ असले, तर पायटा एक फेरा फिरला असता मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते व सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. चढावर मात्र गुडघे भरून येतात. गिअरच्या सायकलीत साखळी लहान चक्रावरून मोठ्यावर सरकविता येते. पुढे ३० व मागे ३० दाते असले म्हणजे एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच सरकते. परंतु पायावरील जोर निम्म्याहूनही कमी होतो. काम तेवढेच राहते, मात्र ते अधिक फेऱ्यांत वाटले जाते. पूर्वी भरल्या गाडीस घाटात जादा बैलजोडी जुंपीत. सायकलस्वारास जादा जोडी मिळणे शक्य नाही. गिअर हीच त्याची जादा जोडी.

स्वार, सायकल व सामान मिळून ८५ किलो वजन पाचशे मीटर उंच चढविण्यास शरीराची सुमारे ४०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे तीन-चार भाकरी केवळ चढापायी खर्च होतात; वाटचालीच्या निराळ्या. सायकलस्वार वाटेत थांबतो, भुकेलेला असतो आणि पोटभर खातो, हे ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनास त्याचा उपयोग आहे.

फ्रान्समधील उदाहरण

गिअरची आज सरसकट दिसणारी ही युक्ती सहजासहजी मान्य झाली नाही. फ्रान्स देशात सेंत-एतिएन या शहराभोवती जंगलाचे डोंगर आहेत. तेथील पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) यांनी १८८७ साली सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि डोंगरी रस्त्यांवर अनेक गिअरांचा पुरस्कार केला. गिअर ही अशक्तांची सोय, असा उपहास त्यांच्या वाट्यास आला. १९०३ साली सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या यंत्रास परवानगी मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

त्याच देशात मोरव्हाँ नावाचा वनाच्छादित डोंगरी प्रदेश आहे. त्याचे सर्वोच्च शिखर ९०१ मीटर, म्हणजे आपल्या भीमाशंकरच्या माथ्याहून काहीसे कमीच. या रानातले जळाऊ लाकूड कित्येक शतके नद्यांतून वाहवीत पॅरिस शहरास पुरविले जाई. त्यासाठी नदीस वेळेवर पाणी सोडता यावे म्हणून १८५८ साली सेतों येथे धरण पुरे झाले. लाकडाचा तो व्यापार संपला. धरणाचे तळे उरले. आज त्याच्या काठच्या अरुंद रस्त्यांनी सायकलस्वार हिंडतात. खेडी ओस पडू लागली तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या घरातील रिकाम्या खोल्या प्रवाशांस भाड्याने द्याव्यात, अशी चळवळ त्या देशात सुरू झाली व १९५५ साली तिचा देशव्यापी संघ स्थापन झाला. शेत न विकता घरात चार पैसे यावेत, हा त्यामागील हेतू होता.

जोडधंदा

राज्य शासनाने २०१८ साली जुन्नर तालुक्यास विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला आणि २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मोटारीतून येणारा प्रवासी शहराहून निघतो तो थेट देवळाच्या वा किल्ल्याच्या पायथ्याशी उतरतो. वाटेवरच्या गावांस त्याची धूळ तेवढी मिळते. सायकलस्वाराचे तसे नाही. त्यास दर वीस-पंचवीस किलोमीटरवर पाणी, दर दोन-तीन तासांनी अन्न आणि संध्याकाळी स्नान व निवारा लागतो. सायकल आत ठेवण्यास कुलुपाची जागा, चाकात हवा भरण्याचा पंप, गरम पाणी, पिठले-भाकरी आणि स्वच्छ शौचालय, इतके असले म्हणजे त्याची गरज भागते. यास मोठे भांडवल लागत नाही. मात्र शेतकऱ्याने हे स्वतः हाती घेतले नाही, तर नफा रस्त्याकडेची जमीन विकत घेणाऱ्या बाहेरच्या माणसाचा होईल, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

धोके व कर्तव्ये

पावसाळ्यात या घाटांत धुके दाटते व दरडी कोसळतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीस भीमाशंकरी गर्दी लोटते. म्हणून कार्तिक ते माघ हाच काळ सोयीचा. उतारावर दोन्ही ब्रेक आळीपाळीने, थोडे थोडे दाबावे. वळणात शिरल्यावर नव्हे, वळणाआधीच वेग आवरावा. जंगलात आडवाटेस शिरू नये आणि कचरा आपल्यासोबत परत आणावा.

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचा वावर आहे. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालविले जाते. ऊसतोडीच्या दिवसांत फड मोकळे होतात व जनावर जागा बदलते. तेव्हा अंधार पडण्यापूर्वीच मुक्काम गाठावा, एकट्याने जाऊ नये आणि उसाच्या कडेस वाकून बसू नये.

परंतु बिबट्याहून अधिक भय उसाच्या ट्रॅक्टरांचे आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही, अशा गाड्या भर अंधारात रस्त्यात उभ्या राहतात. त्यांवर आदळून जाणारा जीव बहुधा शहरी पाहुण्याचा नसतो. तो शेजारच्या वाडीतील पोराचा असतो. परावर्तकाची पट्टी फार थोड्या पैशांत मिळते. ती लावणे आणि शेतातून रस्त्यावर आलेला चिखल त्याच दिवशी काढणे, एवढे प्रत्येक बागायतदारास सहज शक्य आहे.

वरचे व खालचे

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्व भागातील शेतकरी पाण्याची पाळी लांबली की कालवा-अधिकाऱ्याकडे धाव घेतो. त्याची तक्रार पुष्कळदा रास्तही असते. परंतु ज्यांच्या खाचरांवर धरण उभे राहिले, ते आज त्याच पाण्याच्या काठी उतारावर शेती करतात. ‘पडकई’ म्हणजे डोंगरउतार खोदून, दगडी ताल घालून, सर्वांनी मिळून भाताची खाचरे बांधण्याची त्यांची रीत आहे. ते बाळहिरडा गोळा करून विकतात. जलाशयात मासेमारी करतात. वरचे रान टिकले व ताल बांधलेले राहिले, तर माती जागी राहते आणि धरणात गाळ कमी येतो. म्हणजे वरच्याची मेहनत हा खालच्याच्या बागायतीचा एक आधारच होय.

ही गोष्ट मोटारीच्या काचेतून दिसत नाही. सायकल चढावर इतकी सावकाश चालते की ताल बांधणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात, पाण्याचा घोट मागता येतो. म्हणून सभासदांनी येत्या मार्गशीर्षात गावातील धडधाकट तरुणांची एक तुकडी या मार्गाने पाठवावी. तिने मुक्काम वरच्या वाडीत करावा, अन्नाचे योग्य मोल द्यावे आणि परत आल्यावर पाहिले ते गावच्या सभेत सांगावे. पुढल्या वर्षी वरच्या गावांतील तरुणांस खाली बोलवावे व कालव्याचे पाणी कोणत्या पिकास, किती व कसे दिले जाते ते दाखवावे. ते पाहताना आपल्याच पाटातील नासाडी आपल्या नजरेस आली, तर तोही या फेरीचा लाभच समजावा.