एका ईमेलमध्ये दोन पत्रे. दर मात्र एकच हवा

दरपत्रक, मालाची यादी, थकलेल्या बिलाची आठवण हे सारे आता ईमेलने जाते. परंतु अशा एका ईमेलमध्ये पुष्कळदा त्याच मजकुराच्या दोन प्रती असतात, हे अनेक व्यापारी बंधूंना ठाऊक नसते. एक प्रत नुसत्या अक्षरांची. दुसरी एचटीएमएलची, म्हणजे रंग, तक्ते व चित्रे असलेली.

ही सोय १९९२ साली नॅथॅनियल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी मांडलेल्या 'माइम' पद्धतीतून आली. साधी प्रत आधी व सजविलेली नंतर ठेवतात. घेणाऱ्याच्या प्रोग्रामने दाखविता येईल अशी शेवटची प्रत उघडावी, असा नियम आहे. ज्याने एचटीएमएल बंद ठेवले आहे, त्याला साधी प्रत दिसते.

नुकसान कोठे होते ते पाहू. समजा, मालेगावच्या एका कारखानदाराने साडीचा ४२० रुपये दर रेघ मारून खोडला, शेजारी ३९० लिहिला आणि संपलेला माल लाल अक्षरांत दाखविला. साध्या प्रतीत रंग राहत नाही, रेघही बहुधा जाते. ग्राहकाला दोन दर दिसतात आणि संपलेला माल शिल्लक वाटतो.

शेकडो ग्राहकांना एकदम ईमेल पाठविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रती वेगवेगळ्या भरता येतात. तेथे धोका अधिक. सजविलेल्या प्रतीत नवा दर भरला आणि साध्या प्रतीत जुनाच राहिला, तर ग्राहक एका दराने ऑर्डर देतो व आपण दुसऱ्या दराने बिल करतो. मग भांडण होते आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

यासाठी आम्ही चार गोष्टी सुचवितो.

१) अर्थ शब्दांतच लिहा : 'जुना दर ४२०, नवा दर ३९०', 'माल शिल्लक नाही'.

२) दर, उधारीची मुदत व बँकेचा खाते क्रमांक केवळ चित्रात देऊ नका. अनेक ठिकाणी चित्रे आपोआप उघडत नाहीत.

३) ईमेल प्रथम स्वतःला पाठवून दोन्ही प्रती वाचा. थंडरबर्ड या मोफत प्रोग्रामच्या 'व्ह्यू' मेनूत 'मेसेज बॉडी अ‍ॅज' व त्यात 'प्लेन टेक्स्ट' निवडल्यास साधी प्रत दिसते.

४) चार ओळींच्या पत्राला सजावट नको. संगणकावर जीमेलमध्ये 'प्लेन टेक्स्ट मोड' निवडून ते पाठवा.

एकाच मालाचे दोन भाव सांगणाऱ्यावर बाजार विश्वास ठेवीत नाही. ते भाव आपल्या नकळत एकाच पत्रातून जाऊ नयेत, एवढी काळजी घ्यावी.