स्पेनच्या लढाईला मराठी झील

युवा महोत्सवाची तारीख लागली की गारगोटीत कॉलेजच्या पोरापोरींची समूहगीताची प्रॅक्टिस सुरू होते. गाणं निवडताना वाद ठरलेला: देशभक्तीपर की लोकगीत? ‘परदेशातल्या यादवी युद्धावर गाऊया’ असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न येणार, ‘आपला काय संबंध?’

१९३९च्या सुमारास अठरा-एकोणीस वर्षांच्या एका पोराला हा प्रश्न अडवू शकला नाही. वाटेगावचा तुकाराम साठे, म्हणजे आपले अण्णा भाऊ. शाळा दीड दिवसाची, मुंबईत मिळेल ती मजुरी. त्यांनी स्पेनच्या लढ्यावर पोवाडा रचला! ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ ऐकून माहीत असतो, पण तो १९४३चा. तोवर स्टालिनग्राडची लढाई जिंकून झाली होती. स्पेनची बाजू हरत होती, म्हणून मला तो आधीचा पोवाडा जास्त धाडसाचा वाटतो.

झालं असं होतं. जुलै १९३६मध्ये जनरल फ्रँकोनं निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं. हिटलर-मुसोलिनीनं त्याला विमानं, सैन्य दिलं. ब्रिटन-फ्रान्सनं ‘आम्ही मध्ये पडणार नाही’ म्हणत हात झटकले. मग पन्नासहून जास्त देशांतून सुमारे ३५ हजार स्वयंसेवक सरकारच्या बाजूनं लढायला गेले. भाषा वेगळ्या, म्हणून चाल एक आणि शब्द ज्याचे त्याचे, असं गाणं चालायचं. पॉल रॉबसन १९३८मध्ये तिथं जाऊन सैनिकांसाठी गायला.

त्या स्वयंसेवकांत एक मराठी माणूसही होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि ‘जॉन स्मिथ’ या नावानं स्पेनमध्ये लढले. एप्रिल १९३८मध्ये फ्रँकोच्या सैन्यानं पकडलं, काही महिने कैदेत काढले. परतल्यावर कम्युनिस्टांकडे वळले. असा माणूस आज कुठल्या एका कप्प्यात बसवणार?

पण मुंबईच्या चाळीतल्या माणसापर्यंत स्पेन पोचवायला पोवाडाच हवा. पेपर वाचता येत नसेल, तरी शाहिरानं ओळ टाकली आणि मागून झीलकऱ्यांनी ‘जी जी’ उचलली की ऐकणारा आपोआप मान डोलावतो. भाषणात टाळी मागावी लागते राव, इथं ती डफाबरोबरच येते.

एक खटकतं मात्र. १९३७च्या मे महिन्यात बार्सिलोनात फ्रँकोविरोधी गटांनी एकमेकांवरच गोळ्या झाडल्या. सभेतल्या गाण्यांत हे सहसा येत नाही. समूहगीताची गोचीच ती, सगळ्यांनी एका सुरात गायचं असतं. मार्च १९३९मध्ये माद्रिद पडलं. गाण्यांनी ते वाचवलं नाही.

पण सवय राहिली. १९४४मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि तोच डफ पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत वाजला.

आपल्या गारगोटीत १३ डिसेंबर १९४२ रोजी कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले. त्यांच्यावर स्पेनमध्ये कुणी गाणं रचलं असेल, असं वाटत नाही. अण्णा भाऊंनी तसा हिशोब मांडलेला दिसत नाही.

समूहगीताला सहा जण लागतात. एक शाहीर, पाच झीलकरी. डफ कुणाकडे आहे?