‘बांधणी’ या रूपकाची मर्यादा

सॉफ्टवेअरच्या परिभाषेत स्थापत्याचे शब्द विपुल आढळतात : आर्किटेक्चर, बिल्ड, प्लॅटफॉर्म. मराठीतही ‘प्रणालीची बांधणी’ असे आपण सहज म्हणतो. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा पुढे आणली आणि हे रूपक दृढ झाले. ते कोठवर ग्राह्य आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

सावर्डे परिसरातील जांभ्याचे घर उदाहरणादाखल घेऊ. कागदावरील आराखड्यात खोली सरकविणे सोपे. चिरे बसल्यावर तीच गोष्ट खर्चाची होते. आराखडा आणि बांधकाम ही येथे दोन भिन्न कृत्ये असून खर्चाचा मोठा वाटा दुसऱ्याकडे जातो.

सॉफ्टवेअरमध्ये स्थिती निराळी आहे. प्रोग्रॅमरने लिहिलेली संहिता हाच अखेरच्या तपशिलापर्यंतचा आराखडा असतो. ‘बांधकाम’ कंपायलर अल्पावधीत, जवळजवळ विनामूल्य करतो. जॅक रीव्हज यांनी १९९२ साली हा मुद्दा मांडला. अर्थात प्रोग्रॅमर हा गवंडी नव्हे, आराखडा काढणारा होय. रखडलेल्या कामावर माणसे वाढविल्यास ते अधिकच रखडते, हा फ्रेड ब्रुक्स यांचा १९७५ सालचा सिद्धान्त यामुळे उलगडतो : चिरे वाहणारे हात वाढविता येतात, एकच विचार अनेकांच्या डोक्यांत उतरविण्यास मात्र वेळ लागतो.

तथापि स्थापत्यातही सर्व काही आधी ठरत नाही. सावर्ड्यावरून जाणाऱ्या कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. परंतु गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती वारंवार ढासळल्याने संपूर्ण मार्ग खुला होण्यास जानेवारी १९९८ उजाडला. जमिनीचा खरा स्वभाव खोदल्यावरच कळला. सॉफ्टवेअरची जमीन म्हणजे वापरणाऱ्याची गरज. तीही पुष्कळदा वापर सुरू झाल्यावरच कळते.

जांभ्याचा आणखी एक गुण येथे उद्बोधक ठरतो. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. संहितेचेही तसेच आहे. इतरांची कामे तिच्यावर विसंबू लागली की ती बदलणे अवघड होते. वर्षासाठी दोनच अंक राखण्याच्या जुन्या प्रघातामुळे २००० सालापूर्वी जगभर दुरुस्त्या कराव्या लागल्या, हे याचे प्रसिद्ध उदाहरण.

सारांश, ‘बांधणी’ हा शब्द टाकाऊ नाही; परंतु तो करारात शिरला की सर्व गरजा प्रारंभीच गोठविल्या जातात आणि लेखन करणाऱ्याकडून गवंडीकामाची अपेक्षा धरली जाते. परिभाषा घडविणाऱ्यांनी त्याच्या जोडीस ‘लेखन’ आणि ‘संपादन’ हे शब्दही वापरात ठेवणे इष्ट होय.